नजरेच्या मधोमध

दिज्जाने आपल्या थोरल्या मुलाकडे कधी सरळ पाहिलं नव्हतं, आणि त्यानेही तिच्याकडे. मुलगा एकवीस वर्षांचा झाला तरी. यात भांडणतंटा काही नव्हता. आमच्या गुरं राखणाऱ्या फुलानी लोकांत बाईने पहिल्या मुलाची माया चारचौघांत दाखवायची नाही, अशी रीत आहे. त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला हाक मारायची नाही, त्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. पाजायचं तेही मान वळवून. अंगावरचं दूध सुटलं की पोर आजीच्या झोपडीत जातं. पुढच्या मुलांचे लाड करा, पापे घ्या, कोणी काही म्हणत नाही. पहिल्याला मात्र जी बाई जवळ घेईल ती निर्लज्ज. ही रीत ज्याने काढली त्याला मला एकदा भेटायचं आहे.

तर हा मुलगा, हमीदू, आजीपाशी वाढला. आजीला सगळी वाडी इन्ना म्हणायची. इन्ना म्हणजे आई. दिज्जाही सासूला इन्नाच म्हणे, आणि हमीदूही. त्याची खरी आई समोरच्या झोपडीत राहायची, त्याच उखळात कांडायची, त्याच गाईंचं दूध काढायची आणि त्याला ‘इन्नांचा पोरगा’ म्हणायची.

पण माणूस वाट काढतोच. लेकी बोले सुने लागे, ही कला या मायलेकांइतकी कोणाला साधली नसेल. हमीदू अंगणात आला की इन्नाशी बोले, पण आवाज समोरच्या झोपडीपर्यंत पोचेल एवढा ठेवी. दिज्जा उखळाशी बोले, शेळीशी बोले, धाकट्या लादीशी बोले.

“लादी, काही माणसं नुसत्या ताकावर दिवस काढतात, हाडं दिसायला लागलीत त्यांची. टोपलीखाली फुरा झाकलाय, खायचा असेल त्याने खावा.”

लादी सतरा वर्षांची, तोंडाची तिखट. “हो गं आई, शेळी ऐकतेय सगळं,” ती म्हणायची आणि बाजरीच्या गोळ्यांचा वाडगा भावाकडे सरकवायची. दिज्जा पाठ फिरवून उभी राहायची. तो खातोय हे तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं. तेवढ्यात तिचं पोट भरायचं.

हमीदू गुरं राखत नव्हता. तो पक्षी राखत होता, आणि वाडीला याची मोठी गंमत वाटे. “काय रे, तुझी बदकं किती दूध देतात?” असं चुलते रोज विचारायचे. आमची पाणथळ एके काळी क्षितिजाला टेकलेली असे. मग वर नदीवर धरणं झाली, आणि जो काय पाण्याचा ओहोळ उरला त्याच्या तोंडाशी पाणकणसाचं रान माजलं. माणसाच्या दुप्पट उंच, आणि इतकं दाट की साप अडकावा. पाणी पलीकडे जाईना. गवताचं मैदान भेगाळलं. तेव्हा शहरातून पक्षीवाले आले. त्यांनी वाडीतली पोरं कामाला लावली, पाणकणीस कापून ओहोळ मोकळा करायला. बाकीची पोरं एका हंगामात कंटाळली. हमीदू टिकला. त्या पात्यांच्या धारेने त्याच्या हातांवर कायम चिरा असत. पक्षीवाल्यांनी त्याला एक दुर्बीण दिली आणि पक्षी मोजायला शिकवलं. तेव्हापासून तो सापडेल तर पाण्यावरच.

त्या वर्षी पाऊस असा झाला की म्हाताऱ्यांनाही तसा आठवेना. मोकळ्या ओहोळातून पाणी धावलं आणि मैदानावर पसरलं. एका सकाळी हमीदू गुडघाभर चिखलात पळत आला.

“इन्ना! तुरेवाले क्रौंच आलेत! सात! दोघं तर नाचतायत, पंख पसरून, अशा उड्या मारत!” आणि हा एवढा बाप्या अंगणात पंख पसरून उड्या मारून दाखवू लागला.

“मी लहान असताना आमच्या अंगणात यायचे ते,” इन्ना म्हणाली. “थांब रे, मडकं फोडशील!”

दिज्जा दारात होती. तिने चेहऱ्यावर ओढणी ओढली, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

पाण्याबरोबर डासही आले. डास आम्हाला नवे नाहीत, पण हे निराळे होते. उन्हातही चावत. संध्याकाळी गुरांच्या अंगावर राखेसारखे बसत. शेणाचा धूर करून करून सगळ्यांचे डोळे सुजले. मग मेंढ्या गाभडायला लागल्या. आज एक, उद्या चार, मग कळपातल्या झाडून सगळ्या. सकाळी उठावं तर गोठणीत मेलेली पिल्लं पडलेली. बायका ती उचलून ओहोळात टाकत. उचलणार दुसरं कोण?

तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर फालमाता होडीने आली. बाई कानुरी जमातीची होती, हौसा भाषा बोलायची, आणि ठणठणीत आवाजाची. तिने बायकांना चिंचेखाली जमवलं.

“हा ताप डासाचा आहे,” ती म्हणाली. “डासाची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. पाणी आलं की फुटतात. डास मेंढीला चावतो, मेंढी गाभडते. तिच्या रक्तातून तो माणसात येतो. मेलेल्या पिल्लाला उघड्या हाताने शिवू नका. आजारी जनावर कापू नका. आणि दूध उकळून प्या.”

इथवर बायका गप्प होत्या. दूध उकळायचं म्हटल्यावर खसखस पिकली.

“बाई, दूध चुलीवर तापवलं तर गाईची आचळं भाजतात,” दिज्जाची जाऊ म्हणाली. “तुमच्या गावात गाई नाहीत वाटतं?”

“लस टोचा की मग गुरांना,” इन्ना म्हणाली.

“लस नाहीय, इन्ना. मागवलीय. येईल तेव्हा उशीर झालेला असेल, हे मलाही माहीत आहे. म्हणून तर घसा फोडतेय.”

बाकीच्या बायका हसत उठल्या. दिज्जा उठली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली होती: रक्तातून येतो. तिला हमीदूचे हात आठवले, चिरांनी भरलेले. त्या संध्याकाळी ती सासूच्या दारात जाऊन उभी राहिली.

“इन्ना, तुमच्या पोरग्याला सांगा ना. मेंढरांपासून लांब राहा म्हणावं. हातावर जखमा आहेत.”

इन्नाने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती उघडीच आली होती.

“कोणाच्या हाताकडे बघत असतेस गं तू? एकवीस वर्षं तुझी लाज मी सांभाळली. आता म्हातारपणी घालवू नकोस. जा, हे कोणी ऐकलं नाही असं समजू.”

इन्ना दुष्ट नव्हती, हे सांगायला हवं. सुनेची अब्रू राखणं हे तिचं कामच होतं, आणि निरोप न देऊन तिने ते केलं. तिच्या लेखी तिने सुनेवर उपकारच केले.

बाजाराच्या दिवशी पुरुष गुरं घेऊन गशुआला गेले होते. वाडीत बायका, सुरी न पेलणारे म्हातारे आणि हमीदू. दुपारी ओले नावाची पिवळी गाय खाली बसली ती उठेना. ओले म्हणजे हमीदूच्या बारशाला दिलेल्या कालवडीची लेक, त्याच्या हक्काची गाय. आदल्या रात्री ती गाभडली होती. आता नाकातून रक्त येत होतं आणि श्वास घरघरत होता.

जनावर आपोआप मेलं तर ते हराम. श्वास आहे तोवर सुरी फिरली पाहिजे, आणि सुरी पुरुषाने फिरवली पाहिजे. एवढी गाय, तिच्या आईचं दूध पिऊन वाढलेलं घर, आणि ती कुत्र्यांना टाकायची? हे पाप कोण घेणार?

“हमीदू! सुरी आण!” इन्ना ओरडली. “पटकन, श्वास चाललाय तिचा!”

हमीदू सुरी घेऊन आला. त्याने ओलेच्या कपाळावर हात ठेवला. त्याचा चेहरा पडला होता. दिज्जा उखळाशी कांडत होती, दोन हात लांब. तिचं मुसळ वरच्या वर थांबलं.

काय करायचं होतं तिला? मुसळ टाकायचं, दोन पावलं जायचं आणि त्याचं मनगट धरायचं. बस्स एवढंच. पण शेजारी जावा होत्या, सासू होती, शेजारच्या दारात म्हातारे बसले होते, आणि अंगावरचं दूध सुटल्यापासून तिने त्या मनगटाला हात लावला नव्हता. तिने उखळात पाहिलं आणि उखळाला म्हणाली, “आजारी जनावराचं रक्त हाताला लागू देऊ नये म्हणे. जखमा असल्या तर मुळीच नाही. असं डॉक्टरीण म्हणत होती.”

आवाज कापला. रोजच्या बोलण्यात तो कधी कापत नसे, म्हणून सगळ्यांच्या लक्षात आलं. हमीदूचा हात थांबला.

“ऐकलंत का गं,” जाऊ खिदळली, “उखळाच्या हाताला जखमा झाल्यात!”

“दिज्जा,” इन्ना कडक आवाजात म्हणाली, “कोणाच्या मुलाशी बोलतेयस तू?”

दिज्जाचं तोंड आगीसारखं तापलं. तिने मान खाली घातली. ओढणी कुठे होती तेही तिला कळेना. आणि हमीदूने ते पाहिलं. सरळ नाही, त्याच्या रीतीप्रमाणे, कोपऱ्यातून. आपली आई चारचौघांत उघडी पडली, आपल्यापायी, हे त्याला दिसलं.

“कोणी काही बोललं का?” तो मोठ्याने म्हणाला. “मी तर काही ऐकलं नाही बुवा.” आणि त्याने ओलेची मान पूर्वेकडे वळवून, अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवली.

रक्त कोपरापर्यंत आलं. दिज्जा कांडत राहिली. कशासाठी कांडतेय हेही तिला समजत नव्हतं.

आठवडा गेला नाही तोच हमीदूला ताप आला. मलेरिया, सगळे म्हणाले. आमच्याकडे पावसाळ्यात कोणालाही काहीही झालं की मलेरियाच. बाजारातल्या गोळ्या आणल्या, कडुनिंबाचा वाफारा दिला. मग त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि तो बरळू लागला. तेव्हा मात्र त्याचा बाप बुबा हादरला. रस्ता पाण्याखाली होता, म्हणून होडी काढली. जे पाणी पोराने रक्त आटवून मैदानावर आणलं होतं, त्याच पाण्यातून त्याला दवाखान्यात नेलं. वाटेत दोन्हीकडे बदकंच बदकं बसली होती. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

दवाखान्यात खाटेपाशी इन्ना बसली. दिज्जा ‘सासूचं जेवण घेऊन’ गेली होती, म्हणून बाहेर कडुनिंबाखाली बसली. डॉक्टर फालमाता आत जाई, बाहेर येई.

“औषध द्या ना चांगलं,” इन्ना आतून म्हणत होती. “गाय विकू, दोन विकू. कानोच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. सांगा तुम्ही.”

“इन्ना, याला औषधच नाही. कानोत नाही आणि कुठेच नाही. पाणी देतेय, ताप उतरवतेय. पुढचं त्याच्या अंगात किती जोर आहे त्यावर.”

“मग तुम्ही डॉक्टर कशाला झालात?”

“हेच मीही स्वतःला विचारते,” फालमाता म्हणाली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. समोर दिज्जाला पाहून तिने विचारलं, “तू कोण त्याची?”

दिज्जाच्या ओठांवर शब्द आला. “यांची सून,” ती आत बोट दाखवून म्हणाली.

दिवसामागून दिवस ती तिथे बसली. भिंतीपलीकडे आपलं पोर कण्हतंय आणि आपण बाहेर खडे मोजतोय, यापरता दुसरा नरक कोणता असणार? एकदा तो ‘इन्ना’ म्हणून ओरडला, आणि इन्ना म्हणजे आई, ती हाक दोघींचीही असू शकत होती. दिज्जा अर्धी उठली. आतून सासूचा आवाज आला, “आहे रे राजा, आहे.” ती पुन्हा खाली बसली.

आणि ताप उतरला! पोर वाचलं. बुबाने बोकड कापला, इन्ना त्या वयात टाळ्या वाजवत नाचली. दिज्जा झोपडीत गेली, तोंडात ओढणीचा बोळा कोंबला आणि पोटभर रडली. लादी दारात पहारा देत उभी राहिली, कोणी येऊ नये म्हणून.

आनंद चार दिवसांचा निघाला. हमीदू भिंतीला धरून चालायला लागला आणि एका सकाळी ताकाचा वाडगा घ्यायला हात पुढे केला तो वाडग्याच्या बाजूला गेला. पुन्हा केला, पुन्हा चुकला.

“इन्ना, वाडग्याला भोक पडलंय,” तो म्हणाला. मग वर पाहून म्हणाला, “तुझ्या तोंडालापण.”

पुन्हा होडी, पुन्हा दवाखाना. फालमाताने बॅटरी लावून त्याचे डोळे पाहिले. मग तिने बॅटरी विझवली.

“डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज येऊन गेलीय. दोन्हीकडे. बरोबर मधोमध डाग पडलाय.”

“पुसता येत नाही?” बुबाने विचारलं.

“नाही. काहींना थोडं परत दिसतं. बऱ्याच जणांना नाही.”

या खेपेला ती बाहेर आली तेव्हा दिज्जाने तिला अडवलं. आजवर अनोळखी बाईला तिने असं अडवलं नव्हतं.

“सुरीने झालं का? गाय कापली म्हणून?”

“असेल,” फालमाता म्हणाली. “नाहीतर डास चावल्याने. तो दिवसभर पाण्यात असायचा, तिथे हजार डास. खरं कारण आता कोणालाच सांगता येणार नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

बाईने धीर द्यायला म्हटलं. पण दिज्जाला तो धीर नको होता. तिला कोणीतरी ‘हो, तुझ्यामुळेच’ म्हणायला हवं होतं, म्हणजे निदान छाती पिटता आली असती. आता तेही नाही.

वाडीत मग चुलत्यांनी ओहोळ बुजवायची बोलणी काढली. पक्ष्यांसाठी पाणी आणलं आणि डास घरात घेतले, असं जो तो म्हणू लागला. ओहोळ मात्र कोणी बुजवला नाही. वाळवंटी वारा सुटला आणि पाणी आपसूकच मागे हटलं. गाई निम्म्या उरल्या. लस आली ती त्यानंतर, आणि टोचायला आलेली माणसं उरलेल्या गाईंना टोचून गेली.

पक्षीवालेही आले. त्यांनी हमीदूला ओहोळाकाठी नेलं. उत्तरेची बदकं उतरली होती, पाणी काळं झालं होतं त्यांनी. हमीदूने दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली. “मोठा थवा आहे,” तो म्हणाला. “किती ते नाही सांगता येत. जिकडे बघतो तिकडे नसतातच.” त्यांच्यातला वयस्कर माणूस तोंड फिरवून नाक शिंकरत राहिला. जाताना त्यांनी दुर्बीण परत नेली. नेऊ नका असं कोण म्हणणार?

तेव्हापासून हमीदू इन्नाच्या झोपडीसमोर चटईवर बसून असे. एका दुपारी अंगणात तिघंच होती. इन्ना सूत कातत होती, दिज्जा उखळाशी बाजरी पाखडत होती. हमीदू नेहमीसारखा बोलला, समोर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“इन्ना, तुला गंमत सांगू? ज्याच्याकडे बघावं ते जातं. तुझ्याकडे बघतो तर तू नाहीस, मडक्याच्या बुडासारखं काळं. पण ज्याच्याकडे बघत नाही ते कडेला दिसतं. म्हणून सारखं भलतीकडे बघायचं. मला काय, सवयच आहे.”

इन्नाचं सूत तुटलं.

“आता तुझ्याकडे तोंड आहे माझं, तर कडेला उखळ दिसतंय,” तो म्हणाला. “तिथे कोणीतरी निळं लुगडं नेसून बसलंय. बारीक झालंय फार. कोणी सांगा त्या माणसाला, फुरा टोपलीखाली आहे म्हणावं.”

दिज्जाच्या हातातलं सूप थांबलं. रीतीप्रमाणे तिने उठून आत जायला हवं होतं. ती सासूकडे पाहू लागली. इन्ना तुटलेलं सूत शोधायला खाली वाकली ती वाकूनच राहिली.

“आणि आता एक करता येईल,” हमीदू हळू आवाजात म्हणाला. “आता कोणाकडे सरळ पाहिलं तरी कोणाची लाज जायची नाही. दिसणारच नाही काही.”

त्याने मान वळवली. सावकाश, इन्नापासून अंगणाकडे, अंगणापासून उखळाकडे. दिज्जाने खाली पाहिलं नाही. जन्मल्या दिवसापासून पहिल्यांदा तिने पोराचे डोळे समोरून पाहिले. पिंगट होते, तिच्या बापासारखे. हे तिला ठाऊक नव्हतं. ते डोळे बरोबर तिच्या तोंडावर येऊन थांबले, पापणी न हलवता, आणि काही शोधत राहिले.

“गेली,” हमीदू म्हणाला.

दिज्जा जागची हलली नाही. तो पाहत होता तोवर ती तशीच त्याच्यासमोर बसून राहिली.